पंच कोणाचे?

“ती कमिटी? ती तर त्यांचीच होती. तिच्या अहवालाला काय विचारायचंय!”

हे वाक्य मी इथे राहून दोनदा ऐकले आहे, जवळजवळ शब्दशः. पहिल्यांदा २०१६ च्या उन्हाळ्यात बेनगाझी समितीचा अहवाल बाहेर पडला तेव्हा, एका पक्क्या डेमोक्रॅट मित्राच्या तोंडून. दुसऱ्यांदा २०२२ च्या डिसेंबरात ६ जानेवारीच्या समितीचा अहवाल आला तेव्हा, तितक्याच पक्क्या रिपब्लिकन मित्राच्या तोंडून. दोघेही आमच्याच मंडळाचे, दोघेही इंजिनिअर, आणि दोघांनीही आपापल्या नावडत्या अहवालाचे एक पान उघडलेले नव्हते. आता ते एकमेकांकडे गणपतीला जात नाहीत. पूर्वी जात असत, मोदक कोण जास्त खातो यावर पैजा लागत.

माझी मुलगी त्या वर्षी हायस्कूलमध्ये होती. शाळेत सरकार कसे चालते हा विषय सुरू होता. तिने विचारले, “बाबा, ज्यांची चौकशी करायची त्यांच्याच लोकांना कमिटीवर घ्यायचं का? आणि नाही घेतलं, तर मग ती कमिटी फेअर कशी?” मी इंजिनिअर माणूस, घटनातज्ज्ञ नव्हे. पण प्रश्न इतका नेमका होता की टाळता येईना. समित्या नेमण्याचे ते मूळ ठराव शोधून वाचायला बसलो. कोणालाही वाचायला मिळतात आणि, विश्वास बसणार नाही, पण फारसे मोठे नसतात. आपल्या घराच्या कर्जाच्या कागदपत्रांपेक्षा तर नक्कीच छोटे.

आधी एक खुलासा, कारण आईला फोनवर हे सांगताना नेहमी घोटाळा होतो. इथली काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, संसद. तिची दोन सभागृहे, हाऊस आणि सेनेट. आपल्याकडे लोकसभेचा अध्यक्ष झाला की माणूस निदान वरकरणी तरी पक्षापासून थोडा दूर सरकून बसतो. इथला हाऊसचा स्पीकर हा उघडउघड बहुमतवाल्या पक्षाचा पुढारी असतो. त्याने तटस्थ असावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. पुढचे सगळे त्रांगडे समजायला एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

चौकशी करण्याचा काँग्रेसचा अधिकार घटनेत कुठेही शब्दांत लिहिलेला नाही. तो वहिवाटीने आला. १७९१ साली जनरल सेंट क्लेअर यांच्या फौजेचा मूळच्या रहिवासी टोळ्यांनी धुव्वा उडवला, आणि १७९२ च्या मार्चमध्ये हाऊसने ‘हे झालं कसं’ याचा शोध घ्यायला समिती नेमली. ती पहिली चौकशी. कायदे करायचे तर माहिती हवी, आणि माहिती हवी तर साक्षीदार बोलावता आले पाहिजेत, हे तर्कशास्त्र सुप्रीम कोर्टाने १९२७ साली पक्के केले. पण समितीवर कोण बसणार, हे ना घटनेने सांगितले, ना कोर्टाने. ते प्रत्येक सभागृह स्वतः ठरवते. म्हणजेच त्या दिवशी ज्याच्याकडे मते जास्त, तो ठरवतो.

क्रिकेटचे उदाहरण आपल्या मंडळींना लगेच पटेल. पूर्वी कसोटीत पंच यजमान देशाचेच असत, आणि हरलेला पाहुणा संघ घरी परतताना पंचांच्या नावाने बोटे मोडत जाई. १९८६ च्या नोव्हेंबरात लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडीज सामन्यात पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी हे दोन भारतीय पंच उभे राहिले. पुढे १९९४ पासून एक आणि २००२ पासून दोन्ही पंच त्रयस्थ देशाचे असावेत असा नियम झाला. काँग्रेसची अडचण अशी की तिला तिसऱ्या देशातून पंच आणता येत नाहीत. मैदानातल्या दोन संघांपैकीच एकाने पंच नेमायचे, आणि तेही ज्याच्या धावा आधीच जास्त आहेत त्याने.

आता ते दोन ठराव. लिबियातल्या बेनगाझी शहरात ११ सप्टेंबर २०१२ रोजी अमेरिकन वकिलातीच्या ठिकाणांवर हल्ला झाला. राजदूत ख्रिस स्टीव्हन्स आणि आणखी तीन अमेरिकन त्यात मारले गेले. हाऊसमध्ये बहुमत रिपब्लिकनांचे, सत्तेवर ओबामा. ८ मे २०१४ रोजी २३२ विरुद्ध १८६ मतांनी खास समिती स्थापन झाली. बारा जागा, सगळ्यांची नेमणूक स्पीकरने करायची, त्यांतल्या पाच अल्पमतातल्या पक्षाच्या नेत्याशी सल्लामसलत करून.

६ जानेवारी २०२१ ला कॅपिटॉलमध्ये जमाव घुसला ते आपण सगळ्यांनीच टीव्हीवर पाहिले. तेव्हा हाऊसमध्ये बहुमत डेमोक्रॅटांचे. ३० जून २०२१ रोजी २२२ विरुद्ध १९० मतांनी समिती झाली. तेरा जागा, सगळ्यांची नेमणूक स्पीकरने करायची, त्यांतल्या पाच अल्पमतातल्या पक्षाच्या नेत्याशी सल्लामसलत करून.

एका आकड्याचा फरक सोडला तर वाक्य तेच. मुलीने दोन्ही कागद शेजारी ठेवून हायलायटरने रंगवले आणि म्हणाली, “हे तर कॉपी आहे!” खरेच आहे. सगळे भांडण ज्या शब्दात दडले आहे तो ‘सल्लामसलत’ हा शब्द दोन्ही पक्षांनी आपापल्या वेळी आनंदाने वापरला आहे. सल्ला घ्यायचा असे ठरावात आहे, सल्ला मानायचा असे कुठेही नाही. आपल्याकडे लग्नात मुलाच्या आत्याला ‘विचारतात’, तसे.

२०१४ मध्ये डेमोक्रॅटांनी बरीच चर्चा केली की जावे की बहिष्कार टाकावा. दोन आठवड्यांनी नॅन्सी पेलोसींनी पाच नावे दिली, आणि स्पीकर जॉन बेनर यांनी ती जशीच्या तशी नेमली. अल्पमताच्या बाजूचे प्रमुख एलायजा कमिंग्ज. त्यांनी आत बसून दोन वर्षे प्रत्येक गोष्टीवर हरकत घेतली. २०१५ च्या सप्टेंबरअखेरीस रिपब्लिकन पुढारी केव्हिन मॅकार्थी टीव्हीवर बोलून गेले की समिती नेमल्यापासून हिलरी क्लिंटन यांचे जनमत-चाचण्यांतले आकडे घसरले आहेत. झाले! चौकशी सत्यासाठी नसून निवडणुकीसाठी आहे हे कमिंग्ज जे दीड वर्ष सांगत होते, ते विरोधी बाजूच्या पुढाऱ्यानेच सांगून टाकले. स्पीकर होण्याची मॅकार्थींची संधी त्या वेळी हुकली, त्यात या वाक्याचा मोठा वाटा होता. २२ ऑक्टोबरला हिलरींची जवळजवळ अकरा तास साक्ष झाली. २०१६ च्या जूनमध्ये अहवाल आला आणि त्याच्या एक दिवस आधी डेमोक्रॅट सदस्यांनी स्वतःचा वेगळा अहवाल काढला. एक समिती, दोन अहवाल. ज्याला जो हवा तो त्याने उचलावा. त्याच समितीच्या कागदपत्रांच्या मागणीतून हिलरींचा खाजगी ई-मेल उजेडात आला, ही गोष्ट मात्र माझा डेमोक्रॅट मित्र हिशेबातच धरत नाही. हेतू वाईट म्हणून हाती लागलेला कागद खोटा ठरत नाही.

२०२१ ची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि तिची सुरुवात समितीपासून होतच नाही. त्या आधी एक चांगला मार्ग समोर होता. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २००२ साली कायद्याने जो आयोग नेमला गेला, त्यात दहा माणसे होती, पाच एका पक्षाची, पाच दुसऱ्याची, आणि त्यांतले कोणीही त्या वेळी काँग्रेसमध्ये नव्हते. अध्यक्ष रिपब्लिकन टॉम कीन, उपाध्यक्ष डेमोक्रॅट ली हॅमिल्टन. समन्स काढायचे तर दोघांचे एकमत हवे, नाहीतर दहातल्या सहांची मते. सुरुवातीला सरकारचा या आयोगालाच विरोध होता. मृतांच्या नातेवाइकांनी रेटा लावला म्हणून तो झाला. मी तेव्हा मास्टर्स संपवून नुकताच नोकरीला लागलो होतो. २००४ मध्ये त्याच्या सुनावण्या ऑफिसच्या जेवणघरातल्या टीव्हीवर चालत आणि लोक सँडविच हातात धरून उभ्याने बघत. त्या जुलैमध्ये अहवाल आला तो एकमताने. पुस्तकांच्या दुकानांत तो कादंबरीसारखा खपला.

२०२१ मध्ये डेमोक्रॅट बेनी थॉम्पसन आणि रिपब्लिकन जॉन कॅटको यांनी वाटाघाटी करून नेमका तोच साचा मांडला. पाच-पाच सदस्य, समन्ससाठी दोन्ही बाजूंची संमती किंवा बहुमत. १९ मे रोजी हाऊसमध्ये २५२ विरुद्ध १७५ मतांनी तो मंजूर झाला, त्यात पस्तीस रिपब्लिकनांची मते होती. २८ मे रोजी सेनेटमध्ये बाजूने ५४ आणि विरोधात ३५ मते पडली, त्यांत सहा रिपब्लिकन बाजूने. पण सेनेटमध्ये चर्चा संपवून पुढे जायला साठ मते लागतात. चोपन्न विरुद्ध पस्तीस मते पडून प्रस्ताव पडला, हे भारतातल्या नातेवाइकांना समजावून दाखवा एकदा!

माझ्या मते सगळ्या प्रकरणातला निर्णायक दिवस हाच. रिपब्लिकनांना बरोबरीची पाच माणसे आणि समन्सवर अर्धा हात मिळत होता. तो सोडला आणि त्या बदल्यात ‘सल्लामसलत’ पदरी आली.

पुढचे बहुतेकांना आठवत असेल. मॅकार्थींनी पाच नावे दिली: जिम बँक्स, जिम जॉर्डन, रॉडनी डेव्हिस, केली आर्मस्ट्राँग, ट्रॉय नेल्स. २१ जुलैला पेलोसींनी बँक्स आणि जॉर्डन ही दोन नावे नाकारली, बाकीची तीन स्वीकारायची तयारी दाखवली. मॅकार्थींनी पाचही नावे मागे घेतली. पेलोसींनी लिझ चेनी यांना आधीच नेमले होते, आता अ‍ॅडम किंझिंगर यांना घेतले. म्हणजे नऊ जणांच्या समितीत दोन रिपब्लिकन, पण दोघेही स्वतःच्या पक्षाशी फारकत घेतलेले आणि दोघेही विरोधी स्पीकरने निवडलेले.

आता मुलीचा प्रश्न. पेलोसींच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. जॉर्डन त्या दिवशी ट्रम्प यांच्याशी फोनवर बोलले होते आणि पुढे समितीने त्यांनाच साक्षीसाठी समन्स काढले. ज्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलवायचे तो पंचांच्या खुर्चीत कसा बसणार? आमच्या क्षेत्रात एखादा पंप फुटला तर ज्याने त्या पंपाचे डिझाइन मंजूर केले त्याला कारणशोध समितीचा सदस्य करत नाहीत. त्याची माहिती घेतात, त्याला निष्कर्ष लिहू देत नाहीत. पण दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. विरोधी पक्षाने कोण पाठवायचा हे स्पीकरने ठरवायचे, आणि मग त्याला ‘दोन्ही पक्षांची समिती’ म्हणायचे, हे कोणत्या व्याख्येत बसते? बेनर यांनी २०१४ मध्ये हा दरवाजा उघडला नव्हता. एकदा उघडला की तो पुढच्या प्रत्येकासाठी उघडा असतो. २०२३ मध्ये मॅकार्थी स्पीकर झाल्यावर त्यांनी अ‍ॅडम शिफ आणि एरिक स्वालवेल यांना इंटेलिजन्स समितीवर घेतले नाही. ते करताना दाखला कशाचा दिला असेल हे सांगायला नको.

समितीची रचना बेकायदा आहे असा दावा अनेकांनी कोर्टातही केला. न्यायाधीशांनी तो मानला नाही. ठरावाचा अर्थ काय लावायचा हे हाऊस ठरवेल, असाच एकंदर सूर. कायदेशीरपणाचा प्रश्न तिथे मिटला, विश्वासाचा मिटला नाही.

रिकाम्या खुर्चीची किंमत काय असते, याचे एक उदाहरण माझ्या फार लक्षात राहिले आहे. समितीने हजाराहून जास्त साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या आणि उघड सुनावण्यांत बोलणारे बहुतेक रिपब्लिकनच होते: ट्रम्प यांचे अ‍ॅटर्नी जनरल बिल बार, अ‍ॅरिझोना विधानसभेचे अध्यक्ष रस्टी बोवर्स, जॉर्जियाचे ब्रॅड रॅफेन्सपर्गर. हे काही डेमोक्रॅटांचे भाडोत्री साक्षीदार नव्हेत. पण २८ जून २०२२ ला कॅसिडी हचिन्सन यांची साक्ष झाली. अध्यक्षांनी गाडीत स्टिअरिंगला हात घातला, ही गोष्ट त्यांनी सांगितली, आणि आपण ती दुसऱ्याकडून ऐकली हेही स्पष्ट सांगितले. देशभर बातमी झाली ती स्टिअरिंगची. त्या गाडीच्या चालकाने नंतर समितीला दिलेल्या जबानीत सांगितले की हात घातलेला मी पाहिला नाही, पण कॅपिटॉलला जायचा अध्यक्षांचा आग्रह मात्र होता. ती जबानी लोकांपुढे सविस्तर आली २०२४ मध्ये. हचिन्सन बोलत असतानाच समोर एखादा तिखट रिपब्लिकन वकील बसलेला असता आणि त्याने विचारले असते, ‘बाई, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत का? आणखी कोणाला विचारता येईल?’ तर ऐकीव भाग तिथेच बाजूला झाला असता आणि उरलेला भाग उलट जास्त भक्कम उभा राहिला असता. उलटतपासणी ही सत्याची शत्रू नसते. चांगल्या साक्षीदाराला तिचा फायदाच होतो. बहिष्कार टाकून रिपब्लिकनांनी आपल्या माणसाचा बचाव गमावला, आणि समितीने, तिची इच्छा असो वा नसो, ज्यांना पटवायचे तो श्रोताच गमावला.

याच्या अगदी उलट चित्र वॉटरगेटचे. ७ फेब्रुवारी १९७३ ला सेनेटने ७७ विरुद्ध ० मतांनी ती समिती नेमली. लोकांना तो आकडाच लक्षात राहतो आणि वाटते, काय ते सोन्याचे दिवस! पण तसे नव्हते. त्याही वेळी रिपब्लिकनांनी दोन्ही पक्षांना समान जागा मागितल्या होत्या आणि त्या त्यांना मिळाल्या नव्हत्या. चार डेमोक्रॅट, तीन रिपब्लिकन असाच हिशेब झाला. मग फरक कुठे पडला? एक तर डेमोक्रॅटांचे नेते माईक मॅन्सफिल्ड यांनी अध्यक्षपदाच्या शर्यतीत असलेल्यांना मुद्दाम बाहेर ठेवले. समितीचे अध्यक्ष सॅम अर्विन शहात्तर वर्षांचे, पूर्वीचे न्यायाधीश. उपाध्यक्ष रिपब्लिकन हॉवर्ड बेकर. आणि अल्पमताच्या बाजूला स्वतःचे वकील आणि स्वतःचा कर्मचारीवर्ग होता. हे शेवटचे रटाळ वाटेल, पण गंमत तिथेच आहे. निक्सन यांच्या कचेरीत सगळी बोलणी टेपवर उतरत होती, हे कसे उघडकीस आले? १३ जुलै १९७३, शुक्रवार. बंद दाराआड अलेक्झांडर बटरफिल्ड यांची जबानी चालू होती. बहुमताच्या माणसांचे प्रश्न संपल्यावर अल्पमताच्या बाजूचे वकील डोनाल्ड सँडर्स यांनी विचारले, आणि टेपचे गुपित बाहेर आले. सोमवारी टीव्हीसमोर तोच प्रश्न विचारला अल्पमताचे मुख्य वकील फ्रेड थॉम्पसन यांनी. निक्सन यांना ज्या पुराव्याने घालवले, तो शोधून काढला त्यांच्याच पक्षाच्या माणसांनी! ते तिथे हजर होते म्हणून. टेप खऱ्या की खोट्या, हा वाद मग रिपब्लिकन मतदारालाही घालता येईना.

पण म्हणून एकतर्फी समिती म्हणजे खोटी समिती, असे समीकरणही कोणी मांडू नये. २००५ मध्ये मी ह्यूस्टनला होतो. कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सची माणसे बसगाड्या भरभरून अ‍ॅस्ट्रोडोममध्ये आली. आमच्यातले बरेच जण तिथे पाणी आणि ब्रेड वाटायला गेलो होतो. अंगावर एकच कपडा असलेली म्हातारी माणसे पाहिल्यावर ‘हे अमेरिकेत?’ असे प्रत्येकाच्या मनात आले. सप्टेंबरात रिपब्लिकन हाऊसने चौकशी समिती नेमली. त्या वेळी बहिष्कार टाकणारे कोण? डेमोक्रॅट, आणि त्यांच्या नेत्या नॅन्सी पेलोसीच. त्यांना स्वतंत्र आयोग हवा होता. आखाती किनाऱ्यावरचे काही मोजके डेमोक्रॅट आपल्या मतदारांसाठी सुनावण्यांना येऊन बसले, अधिकृत नेमणूक मात्र नाही. म्हणजे नावाने दोन्ही पक्षांची, प्रत्यक्षात सगळी रिपब्लिकन समिती, आणि चौकशी कोणाची तर रिपब्लिकन सरकारची. लीपापोती होणार हे सगळ्यांनी गृहीत धरले. फेब्रुवारी २००६ मध्ये टॉम डेव्हिस यांच्या त्या समितीने दिलेल्या अहवालाचे नावच ‘पुढाकाराचे अपयश’ अशा अर्थाचे होते, आणि आत स्वतःच्या पक्षाच्या सरकारला अगदी सडकून काढले होते.

वॉटरगेट आणि कतरिना शेजारी ठेवल्यावर मला एवढे उमगले की समितीची रचना पाहून अहवाल खरा की खोटा हे कळत नाही. तो कोण मानणार आणि कोण मानणार नाही, एवढेच कळते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण पॉटलकच्या गप्पांत त्यांची सरमिसळ करतो. माझे दोन्ही मित्र दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देत होते, पण त्यांना वाटत होते की आपण पहिल्याचे देत आहोत.

असे असेल तर दुसरा प्रश्नही महत्त्वाचाच आहे, कारण लोकशाहीत न मानलेला अहवाल कपाटात जातो. त्यावर माझ्या व्यवसायातले एक उदाहरण देतो. विमान पडले की एन.टी.एस.बी. चौकशी करते. पाच सदस्यांचे मंडळ, अध्यक्ष नेमतात, सेनेट मान्यता देते, आणि कायद्यानेच एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नसतात. म्हणजे तिथेही बहुमत एका पक्षाचे असू शकते! तरी त्यांचा अहवाल आला की पंख कोणत्या पक्षाच्या माणसाने तपासला असे सहसा कोणी विचारत नाही. मला याचे मोठे कारण वाटते ते असे की ते मंडळ विमान पडायच्या आधीपासून असते. कोणते विमान पडणार, कोणाची चूक निघणार, हे माहीत नसताना माणसे नेमलेली असतात. काँग्रेसची खास समिती मात्र घटना घडल्यावर, कोणाला झळ बसणार हे सगळ्यांना ठाऊक झाल्यावर जन्माला येते. आमच्या मंडळात हेच झाले होते. हिशेब तपासायला माणूस वर्षाच्या सुरुवातीला नेमला तर त्याच्या शब्दावर कोणी बोलत नाही. एका वर्षी नेमायचा राहिला, नाटकाच्या तिकिटांचा हिशेब जुळेना, आणि मग भर सभेत तिघांची समिती निवडली. प्रत्येक नावाला कोणीतरी म्हणाले, “हा तर त्यांच्या ग्रुपमधला!” फरक निघाला फार तर दीडशे डॉलर्सचा, पण दोन कुटुंबे मंडळातून गेली.

अर्थात आधीपासून असलेली समितीही रामबाण नव्हे. रशियाच्या ढवळाढवळीची चौकशी दोन कायम समित्यांनी केली. सेनेटच्या इंटेलिजन्स समितीत बहुमताला एकच जागा जास्त आणि उपाध्यक्ष अल्पमताचा. तिथे रिपब्लिकन रिचर्ड बर आणि डेमोक्रॅट मार्क वॉर्नर यांनी तीन वर्षे दम धरून पाच खंडांचा अहवाल काढला, दोन्ही बाजूंच्या संमतीने. हाऊसची इंटेलिजन्स समिती त्याच विषयावर २०१८ मध्ये दुभंगून मोकळी झाली. विषय एक, कागद बरेचसे तेच. किल्ल्या कोणाकोणाच्या हातात होत्या यावर सगळे अवलंबून.

आपल्याला हे सगळे नवे नाही. १९८७ मध्ये बोफोर्सची संयुक्त संसदीय समिती शंकरानंदांच्या अध्यक्षतेखाली नेमली तेव्हा विरोधकांनी बहिष्कार टाकला. मी लहान होतो, पण वडील पेपर आपटून ‘चोरांनी चोरांची केलेली चौकशी’ म्हणाले ते आठवते. त्याच संसदेत १९६७ पासून मात्र एक चांगला पायंडाही आहे: लोकलेखा समितीचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा. पहिले मिनू मसानी. इथे तसे काही नाही, आणि मी ते इथल्या मित्रांना सांगतो तेव्हा त्यांना नवल वाटते. तरी २०११ मध्ये टू-जी प्रकरणात मुरली मनोहर जोशींचा मसुदा त्यांच्याच समितीतल्या बहुमताने फेटाळला. खुर्ची दिली, मते दिली नाहीत.

मुलगी आता मतदार आहे. ती मला न विचारता मत देते, हे आमच्या घरातले सर्वांत निकोप राजकारण. नवीन समितीची बातमी आली की आम्ही दोघे आधी ठराव काढतो. समन्सवर किती सह्या लागतात, अल्पमताला स्वतःचे वकील नेमता येतात का, जबान्या पूर्ण छापणार की वेचक, हे बघतो. अध्यक्षाचे नाव सगळ्यांत शेवटी.

चौकशी करणाऱ्यांचीच चौकशी, हा या कथेचा ताजा अध्याय. डिसेंबर २०२४ मध्ये रिपब्लिकन बॅरी लाउडरमिल्क यांच्या उपसमितीने लिझ चेनी यांचीच चौकशी व्हावी अशी शिफारस केली. खुद्द लाउडरमिल्क यांनी ५ जानेवारी २०२१ ला काही लोकांना कॅपिटॉलच्या इमारतींत फिरवले होते. ६ जानेवारीच्या समितीने त्याबद्दल त्यांच्याकडे विचारणा केली होती, आणि कॅपिटॉल पोलिसांनी त्यात संशयास्पद काही नाही असे कळवले होते. २० जानेवारी २०२५ ला बायडन यांनी जाताजाता जुन्या समितीच्या सदस्यांना आगाऊ माफी दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये हाऊसने लाउडरमिल्क यांच्याच हाताखाली ६ जानेवारीबद्दलच्या ‘उरलेल्या प्रश्नां’साठी नवी उपसमिती मंजूर केली. सदस्य स्पीकर नेमणार, काही जागा अल्पमतातल्या पक्षाच्या नेत्याशी सल्लामसलत करून. डेमोक्रॅटांनी या वेळी बहिष्कार टाकला नाही, आपली माणसे पाठवली.